यंत्रात गेलेला हात आणि कागदावरची पहिली ओळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी बोलायचे म्हणजे चार गोड शब्द बोलावे, मंडळाचे कौतुक करावे असा रिवाज आहे. कौतुकाचा भाग चिटणीसबाईंनी अहवालात उरकला आहेच. मला त्यांनी “आरोग्यावर काही सांगा” एवढेच सांगितले होते. तीस वर्षे परिचारिकेचे काम केलेली बाई आरोग्यावर बोलणार म्हटल्यावर तुम्हांला वाटले असेल की आता मधुमेह, रक्तदाब आणि उकळलेले पाणी ऐकावे लागणार. ते सारे मागल्या वर्षी डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, आणि माझ्यापेक्षा चांगले सांगून गेल्या. मी आज हातांविषयी बोलणार आहे. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या यंत्रांत सापडणाऱ्या हातांविषयी.

हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. गोखिवरे, वालीव, सातिवली या बाजूला गाळ्यागाळ्यांतून जे कारखाने चालतात, त्यांत खाण्याच्या जिनसांचेही आहेत. पाव, टोस्ट, खारी, फरसाण, पापड, मसाले यांची पाकिटे आपण दुकानातून आणतो. त्या पाकिटांमागे बायकांचे हात असतात. सकाळी डबा घेऊन रिक्षाने त्या बाजूला जाणाऱ्या कितीतरी जणी आपल्या ओळखीच्या आहेत, मंडळातल्याही आहेत. आणि ज्या कुठेच जात नाहीत, त्यांच्याही आळीत मसाल्याची डंकी आहे, पिठाची गिरणी आहे, बाजारात उसाचा चरक आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज ऐकून मुले धावतात. त्या चरकात ऊस सारणाऱ्या पोराच्या बोटांकडे मात्र कोणी पाहत नाही.

माझ्या नोकरीच्या काळात असे हात मी पुष्कळ पाहिले. पडून मोडलेला हात आणि यंत्रात गेलेला हात यांत फार अंतर असते. पडून मोडलेले हाड प्लास्टरात घालून ठेवले की बहुधा जुळते. यंत्रात हाड, शिरा, स्नायूंच्या दोऱ्या आणि कातडी ही सारी एकाच क्षणी चिरडतात. बोट वाचले तरी ते वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या बोटाने पोळी लाटता येत नाही, वेणी घालता येत नाही, साडीच्या निऱ्या धरता येत नाहीत. याहून अधिक तपशील सांगत नाही. सभेनंतर अल्पोपाहार आहे.

एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. साधारण पस्तिशी-चाळिशीची एक बाई उजव्या हाताला फडके गुंडाळून आली. बरोबर कारखान्याचा एक माणूस होता. खिडकीवर केस-पेपर काढताना कारकुनाने विचारले, “कसे लागले?” बाईने तोंड उघडण्याआधीच तो माणूस म्हणाला, “घरी मिक्सरमध्ये बोटे गेली.” कारकुनाने तसे लिहिले. बाईने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. फडके सोडले तेव्हा तिची दोन बोटे पार चेचलेली होती, आणि नखांच्या कडांना, मनगटापर्यंत, बेसनाचे पीठ वाळलेले होते. घरच्या मिक्सरच्या भांड्यात दोन बोटे अशी चेचत नाहीत, तिथे कापतात. मलमपट्टी करणाऱ्या कोणाही बाईला हा फरक कळतो.

मी त्या माणसाला चहा आणायला पाठवले. तो गेल्यावर तिला विचारले तेव्हा कळले की फरसाणाच्या गाळ्यात पीठ मळण्याचे यंत्र पुसताना हात गेला होता. “मग खरे का सांगत नाहीस?” म्हटले तर म्हणाली, “बाई, शेठ म्हणाले, दवाखान्याचा खर्च मी करतो, पण कारखान्याचे नाव आले तर पोलीस येतील, गाळा बंद होईल, मग तुमच्या सगळ्याजणींचे काम जाईल.” डॉक्टर आले तेव्हा तिने हिय्या केला आणि खरे सांगितले. डॉक्टरांनी हकिगतीत तसे लिहिले, कामाची जागा लिहिली, वेळ लिहिली, आणि नियमाप्रमाणे पोलिसांना कळवले. त्या एका ओळीवर पुढे तिला भरपाई मिळाली. ज्या अनेकजणींच्या कागदावर “घरी लागले” असे राहून गेले, त्यांना पुढे कोणी वकीलही वाचवू शकला नाही. साक्षीदार म्हणजे शेजारी काम करणारी बाई. तिला तिथेच पुन्हा कामावर जायचे असते. ती काय बोलणार?

म्हणून मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच, की हात यंत्रात एका क्षणात जातो, पण त्या हाताचा हक्क बहुधा दवाखान्याच्या खिडकीवर जातो. तेव्हा त्या पहिल्या ओळीत खरे लिहिले गेले पाहिजे. बाकी जे सांगते आहे ते या एका गोष्टीच्या आधाराला.

आता यंत्र हात कसे धरते ते पाहू. पापडाची लाटी पातळ करणारे रूळ घ्या किंवा उसाचा चरक घ्या, तत्त्व एकच. दोन रूळ आतल्या बाजूला फिरतात आणि त्यांच्यामधल्या फटीत जे येईल ते ओढून घेतात. पिठाचा गोळा आणि बोट यांत यंत्र फरक करीत नाही. आपल्याला वाटते, ओढ लागली की आपण झटकन हात काढू. पण ओढ लागली हे मेंदूला कळून हात मागे येईपर्यंत रुळांनी पुढची पेरे घेतलेली असतात. मळणी यंत्रात रूळ नसतात, लोखंडी आकडा असतो. तो फिरताना भांड्याच्या कडेशी अगदी लगटून जातो, आणि हात सापडतो तो आकडा आणि कड यांच्या मध्ये. गिरणीत आणि डंकीत धोका पट्ट्याचा. पट्टा पदर ओढतो, ओढणी ओढतो, मोकळी वेणी ओढतो, आणि पदराबरोबर माणूस जातो.

बहुतेक अपघात माल काढताना होतच नाहीत. ते होतात यंत्र साफ करताना आणि अडकलेला गोळा सोडवताना. दिवसभराचे पीठ आकड्याला वाळून चिकटते. बंद यंत्रावर ते खरवडत बसावे तर अर्धा तास जातो. चालू यंत्रावर ओले फडके धरले की पाच मिनिटांत निघते. सहा वाजलेले असतात, मूल पाळणाघरात असते, गाडी चुकायची असते. मग फडके धरले जाते. फडक्याचे टोक आकड्यात जाते आणि फडक्यामागून बोटे. यात बाईचा निष्काळजीपणा किती आणि साफसफाईची अर्ध्या तासाची मजुरी न देणाऱ्याचा किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. माझा झालेला आहे.

यंत्राला लोखंडी जाळी किंवा झाकण असते. ते झाकण उघडले की यंत्र आपोआप थांबेल अशी जोडणीही करता येते, आणि चांगल्या यंत्रांना ती असते. पण माल भराभर टाकता यावा म्हणून झाकण काढून कोपऱ्यात ठेवलेले असते, किंवा ती जोडणी तारेने बांधून निकामी केलेली असते. आणखी एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळांना नवल वाटते: फिरत्या यंत्राजवळ हातमोजे घालणे हे संरक्षण नव्हे, धोका आहे. मोज्याचे टोक रुळाला आधी सापडते. अंगठी, बांगड्या, गळ्यातले मंगळसूत्र यांचेही तेच. डोक्याला टोपी लावायला सांगतात ती खाण्यात केस जाऊ नये म्हणून. पण तीच टोपी आपलेही केस वाचवते, तेव्हा ती लाजून काढून ठेवू नये.

हात सापडलाच तर तो ओढू नका. आधी वीज बंद करा, तीही भिंतीवरच्या मेन स्विचने. मग रूळ सैल करून किंवा उलटे फिरवून हात सोडवा. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात उंच ठेवा. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचे तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नये. गारठ्याने ते मरते. हळद, कॉफीची पूड, तंबाखू यांपैकी काहीही जखमेत भरू नये. तुटलेले बोट जोडता येते की नाही हे पुष्कळ अंशी पहिल्या काही तासांवर असते. ते तास शेठला फोन करण्यात घालवू नयेत.

आता हक्कांकडे वळते. हे सांगताना मला आपल्याच बाजूच्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्याचे. आपला वसई तालुका २०१४ साली पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता, तेव्हा त्यांना आपले म्हणायला हरकत नाही. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपल्या ऐकिवात असतात. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय करावी. मौज अशी, की त्याच १८८४ साली जर्मनीत कामगारांच्या अपघात-विम्याचा कायदा झाला. म्हणजे जगात जे नवे होत होते तेच परळच्या सभेत आपले लोक मागत होते. जर्मनीच्या कामगाराला त्याच वर्षी कायदा मिळाला. आपल्याकडे भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. एकूणचाळीस वर्षे! तेवढ्यात किती हात गेले असतील त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

याच लोखंड्यांनी २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला भरवलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले होते आणि तिथे दोन कामगार स्त्रिया व्यासपीठावरून बोलल्या. ज्या काळात घरातली बाई परपुरुषापुढे उभी राहत नसे, त्या काळात गिरणीतल्या दोन बाया दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या. त्यानंतर दीड महिन्याने रविवारची सुटी मिळाली. आज रविवारी आपण ही सभा भरवू शकलो त्यात त्या दोघींचा वाटा आहे.

१९२३ च्या कायद्याची मुख्य गोष्ट ही, की चूक कोणाची हे त्यात पाहत नाहीत. काम करताना आणि कामामुळे इजा झाली की मालक देणे लागतो. “तिचेच लक्ष नव्हते” हे मालकाचे आवडते वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. नशा केली असेल, सुरक्षेचा दिलेला हुकूम मुद्दाम मोडला असेल किंवा संरक्षक जाळी जाणूनबुजून काढली असेल तर मालकाला बचाव आहे. पण मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर हाही बचाव चालत नाही. त्याच कायद्यात एक कलम असे होते की एकरकमी भरपाई बाईच्या हातात परस्पर द्यायची नाही, ती आयुक्तांकडेच भरायची. स्त्रीला अज्ञान मुलांच्या रांगेत बसवल्याचा मला पूर्वी फार राग येई. पुढे शेठने पाकिटात घालून दिलेले पाच हजार आणि त्यावर घेतलेला अंगठा पाहिल्यावर राग ओसरला. कलम करणाऱ्याला जग ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दोन मोठे कायदे झाले, एक कारखान्यांचा आणि दुसरा कामगार राज्य विम्याचा. कारखान्यांच्या कायद्यात यंत्राच्या फिरत्या भागाला कुंपण घालण्याची सक्ती होती, आणि स्त्रियांना व अल्पवयीन मुलांना चालत्या यंत्राचे धोक्याचे भाग साफ करायला लावू नये असेही स्पष्ट लिहिले होते. म्हणजे मघाच्या बाईला जे काम दिले होते ते तिला द्यायलाच मनाई होती! हे सारे कायदे आता चार श्रमसंहितांत गेले आहेत; त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. भरपाई आणि विमा यांची कलमे सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत, कामाच्या जागेच्या सुरक्षिततेची दुसऱ्या संहितेत. जुनी पुस्तके घेऊन कोणी सांगायला आले तर एवढे लक्षात असू द्या. गाभा पुष्कळसा तोच आहे, पण एक फरक आपल्या भागाला लागणारा आहे. पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो ‘कारखाना’ होई. आता वीस लागतात. बारा-पंधरा बायकांचे गाळे त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडले. मला ही सुधारणा वाटत नाही. मात्र भरपाईच्या देण्याला ही वीसची अट नाही. वीज वापरून माल करणाऱ्या गाळ्यात दोनच बाया असल्या तरी मालक देणे लागतो. ठेकेदारामार्फत कामावर घेतले असले तरी मूळ मालक सुटत नाही. त्याने आधी द्यावे आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

दहा किंवा अधिक माणसांच्या जागेत विम्याची योजना लागू होते. तिची पगाराची मर्यादा २०१७ साली महिना २१,००० रुपये करण्यात आली, आणि २०१९ साली वर्गणी कामगाराकडून पाऊण टक्का व मालकाकडून सव्वातीन टक्के ठरली. विमा असला तर भरपाई मालकाऐवजी महामंडळ देते. उपचार होतात, कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे वेतनाच्या नव्वद टक्के मिळतात, आणि कायमचे अपंगत्व राहिले तर त्या प्रमाणात जन्मभर दरमहा रक्कम मिळते. कामाला लागून एकच दिवस झाला असला तरी हा हक्क आहे. म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर पाऊण टक्का कापलेला दिसतो की नाही ते पाहावे, आणि विम्याचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. मोबाइलमध्ये ठेवला तर मोबाइल नेमका अपघातात हरवतो, हा माझा अनुभव आहे.

विमा नसेल तर मालकाने दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च द्यायचा, काम बंद असेपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा पाव हिस्सा द्यायचा, आणि कायमची हानी झाली तर भरपाई वेगळी द्यायची. “दवाखान्याचे बिल मी भरले, आता मिटले” असे मालक म्हणतो तेव्हा त्याने फक्त पहिली पायरी चढलेली असते.

भरपाई किती, याचा हिशेब पाहा. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक इजेची टक्केवारी आहे. अंगठा गेला तर तीस टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, एका हाताची दोन बोटे गेली तर वीस, तीन गेली तर तीस, चार गेली तर पन्नास, सारा पंजा गेला तर साठ. दुसऱ्या परिशिष्टात वयाचा आकडा आहे; चाळीस वर्षे पुरी झालेल्या माणसाला तो १८४.१७ आहे. आता एखाद्या चाळीस वर्षांच्या बाईचा पगार महिना दहा हजार रुपये धरू. त्याचे साठ टक्के म्हणजे सहा हजार. त्याला १८४.१७ ने गुणले की ११,०५,०२० होतात. दोन बोटांचे वीस टक्के म्हणजे २,२१,००४ रुपये. या सव्वादोन लाखांच्या जागी पाच हजारांचे पाकीट घेऊन बाया घरी येतात, आणि वर शेठ भला माणूस म्हणून सांगतात.

आणि ही टक्केवारी म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचे म्हणणे, परिशिष्टाप्रमाणे जेवढे होते तेवढेच देऊ. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निकाल दिला की एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा या माणसाची कमाई शंभर टक्के बुडाली. आणि भरपाई देणे लागते ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. उजव्या हाताची दोन बोटे गेलेली बाई कारकुनी करू शकेलही. पण ती पापड लाटणारी असेल तर तिचे काय गेले, हे तिच्या कामावरून ठरवले पाहिजे. म्हणून डॉक्टरांकडून दाखला घेताना आपण नेमके काय काम करत होतो ते सविस्तर सांगावे. “हेल्पर” एवढेच सांगू नये.

आपल्या महाराष्ट्रातला एक ताजा निकालही सांगते. धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेतल्या, एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलने निघाला होता. २२ एप्रिल २००३ ची गोष्ट. कारखाना पाच किलोमीटर राहिला असता अपघात होऊन तो वारला. खालच्या न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज देवविले. उच्च न्यायालयाने, तो अजून कामावर पोचलाच नव्हता, म्हणून ते रद्द केले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिला निकाल पुन्हा कायम केला: पहाटेच्या वेळी त्या वाटेवर तो कामासाठीच होता. बावीस वर्षे लागली. बाप गेला तेव्हा शाळेत असलेली मुले तेवढ्यात संसाराला लागतात. तरी त्या विधवेने चिकाटी सोडली नाही, आणि घरून कामाला जाता-येताना होणाऱ्या अपघाताचा प्रश्न साऱ्यांसाठी सोडवून घेतला. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. आपल्या रोज गाडीला लोंबकळत जाणाऱ्या मुलामुलींना हे माहीत असायला हवे.

काय काय करावे हे मला पुष्कळजणी घरी येऊन विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यातच आपण तिथे काम करतो याचा एखादा कागद हाताशी ठेवावा. हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, काहीही चालेल. अपघात झाला तर केस-पेपरवर जागा, यंत्र आणि वेळ लिहून घ्यावी, व तो कागद वाचून पाहावा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगावे. मालकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. हक्क सोडल्याचे लिहून घेतले तरी ते कायद्यात चालत नाही, पण ते रद्द ठरवायला वर्षे जातात. दाव्याला मुदत असते. १९२३ च्या कायद्यात ती दोन वर्षांची होती. आपण मनात दोन आठवडे धरावे. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडून स्त्रियांना वकिलाची मदत फुकट मिळते, उत्पन्न कितीही असो. ही सोय आपल्या बायकांना फारशी ठाऊकच नाही.

जाता जाता एक परदेशची गोष्ट. १९०६ साली अमेरिकेत अप्टन सिंक्लेअर याची शिकागोच्या मांस कारखान्यांवरची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. त्याने ती लिहिली कामगारांचे हाल दाखवायला. वाचकांना मात्र आपल्या ताटात काय येते याचीच घृणा आली, आणि त्याच वर्षी कायदे झाले ते अन्नाच्या शुद्धतेचे. आपलेही असेच आहे. बिस्किटात केस निघाला तर आपण पाकीट दुकानदाराच्या तोंडावर फेकतो. ते बिस्किट करणारीचे बोट शाबूत आहे का, हे पाकिटावर छापलेले नसते, आणि आपणही विचारत नाही.

आता घरचा विषय. आपल्या मंडळाच्या गृहोद्योगात पापड-चकलीचे काम चौदाजणी करतात. दिवाळीची मागणी हाताने पुरी होत नाही, म्हणून पीठ मळण्याचे यंत्र घ्यायचे कार्यकारिणीने ठरवले आहे. यंत्राला माझा विरोध नाही. मनगटे दुखून माझ्याकडे येणाऱ्या बायांची संख्या पाहता ते पाच वर्षांपूर्वीच यायला हवे होते. पण ज्या दिवशी बटण दाबू त्या दिवसापासून शेठ आपण होऊ. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सातजणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जतचे पापड सुरू केले, तेव्हा त्यांनी आधी ठरवले की इथे कोणी मालकीण नाही आणि कोणी मोलकरीण नाही, साऱ्या भागीदार. आपल्या चौदाजणी कोण आहेत? नगावर पैसे घेणाऱ्या मजूर, की भागीदार? हे आपल्या इतिवृत्तात कुठेही लिहिलेले नाही. मी तपासून पाहिले. मजूर असतील तर दहाच्या वर आहेत, तेव्हा विम्याची नोंदणी करावी लागेल. भागीदार असतील तर त्यांच्या हातांचा विमा आपण वर्गणीतून उतरवावा. दोन्हींपैकी काहीतरी एक ठरले पाहिजे, आणि ते यंत्र येण्याआधी.

यंत्रांची दोन कोटेशने आली आहेत. एक स्वस्त आहे. त्याला नुसते उचलून ठेवायचे झाकण आहे. दुसरे महाग आहे; त्याचे झाकण उघडले की मोटर थांबते आणि बाहेरच्या अंगाला लाल बटण आहे. मी कार्यकारिणीला लेखी कळवले आहे की महागाचेच घ्यावे, फरकाची रक्कम वर्धापनदिनाच्या निधीतून द्यावी, आणि यंत्र पुसण्याचा अर्धा तास मजुरीत धरावा. यंदाची सहल त्यामुळे कदाचित रद्द करावी लागेल, हेही त्यांना सांगितले आहे. बैठक पुढल्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत आहे. दोन्ही कोटेशने चिटणीसबाईंजवळ आहेत. चौदाजणींपैकी ज्या इथे आल्या असतील त्यांनी चहा घेताना ती पाहून घ्यावीत आणि गुरुवारी यावे.